मुलीला कन्याशाळेत घालावं का? ताराबाई शिंदे यांच्या जिल्ह्यातून एक पडताळणी

आजच्या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा आयोजकांनी आम्हाला विचारलं, "इतिहासाच्या मालेत हा शाळाप्रवेशाचा विषय कसा काय?" प्रश्न रास्त होता. खरं सांगायचं तर हा विषय आम्हाला पुस्तकात सापडला नाही, घरात सापडला. आमची मुलगी यंदा चौथी पास झाली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेवढीच सवड आमच्या हातात आहे. तालुक्याच्या गावी एक सरकारी कन्याशाळा आहे, पाचवी ते आठवी. तिच्यापासून थोड्या अंतरावर मुलामुलींची एकत्र शाळा आहे. दोन्हीकडे फी नाही, दोन्हीकडे पुस्तकं तीच. मग निवडायचं काय?

घरात लगेच दोन तट पडले. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "पोरीले पोरीइच्याच शाळेत टाका, कायले डोक्याले ताप घेता?" मुलीच्या मामांचं मत नेमकं उलटं. ते म्हणाले, "उद्या कॉलेजात, नोकरीत पुरुष असणारच आहेत. आजच का लपवता?" आणि जिचा हा सगळा प्रश्न, तिनं एकच विचारलं: "तिथं कबड्डी खेळू देतात का?" (हशा)

हसा, पण हा प्रश्न लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आम्ही दोघंही इतिहासाचे विद्यार्थी. सवय अशी की, प्रश्न समोर आला की आधी त्याचं वय विचारायचं. हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला, कशासाठी विचारला, आणि तेव्हा काय उत्तर दिलं गेलं? ते शोधत गेलो तर फार लांब जावं लागलं नाही. सुरुवात बुलढाण्यातच झाली.

ज्या गावात शाळाच नव्हती

१८५० च्या सुमाराला बुलढाण्याच्या शिंदे घराण्यात एक मुलगी जन्मली. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि सत्यशोधक विचारांचे होते. काळ लक्षात घ्या. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. बुलढाणा हे जिल्ह्याचं ठाणं झालं १८६७ मध्ये. म्हणजे ताराबाईंच्या लहानपणी इथं कचेरी नवी, ठाणं नवं, आणि मुलींची शाळा? ती नव्हतीच. भावंडांत एकटी मुलगी. वडिलांनी तिला घरी बसवून मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर आपल्या तान्ह्या मुलाला मारल्याचा खटला झाला. आधी फाशीची शिक्षा झाली, ती अपिलात कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांत एकूण बायकांच्याच चारित्र्यावर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. जो दोष बायकांच्या माथी मारता तो पुरुषांत नाही का, हा साधा सवाल त्यांनी एकेक दोष हातात घेऊन विचारला. त्यावर इतकी टीका झाली की १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांना 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे पुस्तकही जवळपास विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा कुठे वाचकांच्या हाती आलं.

आपण जिल्ह्याचे लोक ताराबाईंचा अभिमान बाळगतो, बाळगावाच. पण या गोष्टीची दुसरी बाजू आम्हाला अस्वस्थ करते. ताराबाई शिकल्या, कारण बापूजींची इच्छा होती. शेजारच्या घरातल्या बापाची इच्छा नव्हती, तर तिथली मुलगी शिकली नाही. तिचं नावही आपल्याला माहीत नाही. १९०१ च्या शिरगणतीत वऱ्हाडात लिहितावाचता येणाऱ्या बायका शंभरात एकही भरत नव्हत्या. त्या नव्याण्णव घरांत काय घडलं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

शाळेचं काम काय असतं? पालकाच्या मर्जीवर असलेली गोष्ट मुलीच्या हक्काची करणं. ही कसोटी आम्हाला ताराबाईंच्या गोष्टीतून मिळाली, ती सोबत घेऊन पुढे जाऊ.

वेगळी शाळा कोणाच्या सोयीसाठी?

आता पुण्याकडे वळू, कारण मराठी मुलखात मुलींसाठी वेगळी शाळा ही कल्पना तिथून पसरली. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. ती मुलींसाठी वेगळी का काढली? मुलांच्या शाळेत मुलींना पाठवायला कोणी तयारच नव्हतं. शिकवायला बाई आहे म्हटल्यावरही लोक शेण-दगड मारत होते, तिथं मुलांच्या शेजारी मुलगी बसवणं कल्पनेपलीकडचं होतं. म्हणजे कन्याशाळा ही पहिल्यापासून एक तडजोड होती. बापाच्या भीतीशी केलेली. त्यात कमीपणा नाही. भीती दूर होण्याची वाट बघत बसले असते तर आणखी दोन पिढ्या गेल्या असत्या.

महत्त्वाचं हे की, फुले दांपत्यानं तडजोड केली ती फक्त दाराशी. आत काय शिकवायचं यात तडजोड केली नाही. पुरावा हवा असेल तर मुक्ता साळवे बघा. मांग समाजातली मुलगी, आमच्या मुलीहून जेमतेम काही वर्षांनी मोठी. तीन वर्षं शाळेत शिकली आणि तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या बायकांचं दुःख तिनं त्यात मांडलं, धर्माच्या नावानं ज्ञान नाकारणाऱ्यांना जाब विचारला. तीन वर्षांच्या शाळेनंतर! आजच्या भाषेत पाचवी, सहावी, सातवी म्हणा. (टाळ्या)

दुसरी कसोटी इथं मिळाली. शाळेत मुलगी तोंड उघडायला शिकते की मिटायला?

पुढचा टप्पा १८८२. हे वर्ष फार नवलाचं आहे. बुलढाण्याच्या बाईचं पुस्तक त्याच वर्षी छापलं गेलं, आणि त्याच वर्षी सरकारनं नेमलेला हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करत फिरत होता. जोतीरावांनी त्याच्यापुढे निवेदन दिलं की सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, खालच्या थरातल्या प्राथमिक शिक्षणाकडे बघा. पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला स्त्री शिक्षक हव्यात, शाळा तपासायला स्त्रिया हव्यात, आणि या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात, अशी त्यांची मागणी होती. बारकाईनं बघा: रमाबाई मुलींच्या शाळेभोवती उंच भिंत मागत नाहीत. त्या शाळेत मुलींना दिसेल अशी शिकलेली बाई मागतात.

आणि मग १८८४. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, रा. गो. भांडारकर यांच्या पुढाकारानं पुण्यात मुलींचं हायस्कूल उभं राहिलं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. इथं खरा वाद पेटला. वाद मुली शिकाव्यात की नाही यावर राहिला नव्हता, वाद होता काय शिकाव्यात यावर. टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'नं टीकेची झोड उठवली. मुलींना इंग्रजी आणि मुलांसारखे विषय कशाला? शाळेचे तास इतके लांब कशाला, घरकाम कधी शिकणार? मराठी, शिवण, नीतीचे धडे एवढं पुरे. टिळकांविषयी आपल्या सगळ्यांना आदर आहे, पण इतिहास सांगताना हे झाकून ठेवता येत नाही.

या वादात एक धोका कायमचा दिसून आला. शाळा वेगळी केली की अभ्यासक्रमही वेगळा करण्याचा मोह होतो. ज्यांनी स्त्रियांसाठी आयुष्य वेचलं त्या महर्षी कर्व्यांनीही १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं ते जपानच्या महिला विद्यापीठाचा आदर्श घेऊन, मातृभाषेतून आणि स्त्रियांच्या गृहजीवनाला धरून बेतलेल्या अभ्यासक्रमासह. त्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. हजारो बायकांना त्यामुळे दार उघडलं. पण 'मुलींसाठी योग्य विषय' ही कल्पना त्यातून आणखी पक्कीही झाली. तिसरी कसोटी म्हणून लिहून ठेवा: मुलींच्या शाळेत गणित-विज्ञान तेवढ्याच जोरानं शिकवतात का?

वऱ्हाडातली मिडल स्कूल

आता परत आपल्या मुलखात. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडलं गेलं. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात शाळेची मांडणी पश्चिम महाराष्ट्राहून वेगळी होती. चौथीपर्यंत प्राथमिक, पाचवी ते आठवी मिडल, नववी ते अकरावी हायस्कूल. म्हणून आमच्या आत्याबाई आजही "मी मिडलपर्यंत शिकली" असं म्हणतात, आणि आजही आपल्याकडे शाळेच्या फलकावर 'पूर्व माध्यमिक' हा शब्द दिसतो. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. फलक बदलले, पण पाचवी ते आठवी हा उंबरठा तिथंच राहिला.

उंबरठा का म्हणतो? चौथीपर्यंत शाळा गावात असते. पाचवीला बऱ्याच मुलींना गावाबाहेर पडावं लागतं. त्याच तीन-चार वर्षांत मुलगी मोठी होते, पाळी सुरू होते, घरातल्यांच्या नजरा बदलतात. धाकट्या भावाला सांभाळायला, कापूस वेचायला, सोयाबीनच्या सोंगणीत घर राखायला हात लागतो तो तिचाच. १९२९ च्या हार्टोग समितीनं प्राथमिक शिक्षणातल्या गळतीवर बोट ठेवलं होतं: शाळेत नाव घालणं हा आकडा फसवा असतो, शिक्षण पुरं किती जणांचं झालं ते मोजा. मुलींच्या बाबतीत हे मोजायची जागा म्हणजे मिडल.

आपल्या जिल्ह्याचा भूगोलही यात हात घालतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केलेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही रेल्वेवरची गावं. घाटावर लोणार, मेहकर, सिंदखेडराजाकडे वाड्या-वस्त्या लांब लांब, आणि सगळी भिस्त एसटीवर. १९९६-९७ पासून राज्यानं ग्रामीण मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत पास दिला, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं. पुढे २०११-१२ पासून मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांत खास मुलींसाठी बस सुरू झाल्या, आपल्या जिल्ह्यातल्या काही तालुक्यांतही. आमच्या मते गेल्या तीस वर्षांत मुलींच्या शिक्षणासाठी झालेल्या मोठ्या कामांत या पासाचा नंबर बराच वर लागतो. शाळा कन्यांची की एकत्र, हा वाद बस आल्यानंतरचा. बसच नसेल तर वाद घालायला मुलगीच शाळेत नसते.

देशपातळीवर हा वाद स्वातंत्र्यानंतर पुन्हा झाला. १९५८ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समिती नेमली गेली. पाठोपाठ मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, याच प्रश्नासाठी हंसा मेहतांची समिती बसली. याच त्या हंसाबाई, ज्यांनी मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असं वाचलं जाईल ते शब्द बदलून 'सर्व माणसं' असे करायला लावले. त्यांच्या समितीचं म्हणणं थोडक्यात असं: बुद्धीच्या, आवडीच्या नावाखाली मुलामुलींचे विषय वेगळे करू नका, प्राथमिक टप्प्यावर एकत्र शाळा हाच सर्वसाधारण नियम असावा. मात्र लोकांची तयारी होईपर्यंत, जिथं मुली पुरेशा असतील तिथं वेगळ्या प्राथमिक किंवा मिडल शाळा ठेवायला हरकत नाही. 'तयारी होईपर्यंत' हे महत्त्वाचं. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं करा असं सांगितलं. त्याआधी गणित सोडून गृहशास्त्राची वाट अनेक मुलींना दाखवली जायची. हुजूरपागेपासूनचा तो वाद निदान कागदावर तिथं मिटला.

म्हणजे बघा, ज्यांनी मुलींसाठी सगळ्यात जास्त विचार केला त्यांनी कन्याशाळेला कायमचं घर मानलं नाही. त्यांच्या लेखी तो पूल होता. पुलाची पारख कशावरून करतात? पलीकडे किती माणसं पोचली यावरून.

अभ्यास काय सांगतात

इथं कोणी म्हणेल, इतिहास राहू द्या, संशोधन काय म्हणतं ते सांगा. तेही बघितलं. २०१४ मध्ये पाह्लके, हाइड आणि ॲलिसन या अमेरिकी संशोधिकांनी २१ देशांतले १८४ अभ्यास एकत्र तपासले, सोळा लाखांवर विद्यार्थ्यांचे. निष्कर्ष असा की, घरची परिस्थिती आणि निवडीचा परिणाम वजा केला तर नुसत्या मुलींच्या शाळेनं गुणांत फारसा फरक पडत नाही. उलट दक्षिण कोरियात, सोल शहरात, मुलांना शाळा चिठ्ठ्या टाकून मिळते. तिथल्या अभ्यासात फक्त मुलींच्या किंवा फक्त मुलांच्या शाळेतली जास्त मुलं पुढे कॉलेजात गेलेली दिसली. मग खरं काय? आमच्या वाचनाप्रमाणे दोन्ही. शाळेच्या पाटीवर 'कन्या' लिहिल्यानं आपोआप काही होत नाही. ती शाळा आत काय करते यावर सगळं ठरतं. आणि आपल्याकडे तर मुलगी पाचवी ते आठवीत शाळेत टिकते की नाही, हाच मार्कांच्या आधीचा प्रश्न आहे. म्हणूनच २००४ पासून केंद्र सरकारनं कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं काढली ती नेमकी सहावी ते आठवीच्या मुलींसाठी, राहण्याच्या सोयीसह. आपल्याकडे उर्दू माध्यमाच्या कन्याशाळाही आहेत. ती शाळा नसती तर मुलगी घरीच बसली असती, असं सांगणारे पालक आम्हाला भेटले आहेत. त्यांना 'एकत्र शाळा आधुनिक' असं व्याख्यान देण्यात काही अर्थ नाही.

शाळा सोडण्याचे कारण

हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही त्या कन्याशाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि पालक नेहमी विचारतात ते आधीच सांगून टाकलं: कुंपण आहे, गेटला कुलूप असतं, बाहेरचं कोणी आत येत नाही. आम्ही म्हटलं, बाई, ते चांगलंच आहे. पण आम्हाला तुमचं दाखल-खारीज रजिस्टर बघायचंय. बाई जरा चमकल्या. मग नावांचा रकाना कागदानं झाकून त्यांनी पानं उलटून दाखवली.

इतिहासाच्या माणसाला त्या रजिस्टरएवढं बोलकं दप्तर दुसरं नाही. त्यात शेवटाकडे एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. जुन्या पानांवर ओळीनं एकच शेरा दिसतो: 'पालकाच्या इच्छेवरून'. सहावीतून, पालकाच्या इच्छेवरून. सातवीतून, पालकाच्या इच्छेवरून. त्या दोन शब्दांत लग्न असेल, पाळी असेल, धाकटी भावंडं असतील, बस बंद पडली असेल. काही कळायला मार्ग नाही. ताराबाई शिकल्या त्या पालकाच्या इच्छेवरून. या मुलींची शाळा सुटली तीही पालकाच्या इच्छेवरून. मधे शंभर वर्षं गेली आणि शब्द तेच. ती पानं बघताना आम्ही दोघंही गप्प झालो.

मग अलीकडची पानं. तिथं बहुतेक ओळींत शेरा वेगळा होता: 'आठवी उत्तीर्ण, पुढील शिक्षणासाठी'. बाईंनी न विचारता सांगितलं की आठवीच्या निकालानंतर त्या स्वतः शिक्षिकांसह घरोघर जातात आणि नववीचा प्रवेश झाला की नाही ते विचारतात. कोणत्या शाळेत गेली, कोणती राहिली, याची एक वही ठेवली आहे. ही वही ठेवा असं कुठल्याही नियमात नाही. आमच्या मते त्या शाळेतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच.

सगळं छान होतं असं नाही. विज्ञानाचं साहित्य कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे, यावर पाच मिनिटं शोधाशोध झाली. (हशा) गणित-विज्ञानाची शिक्षकाची जागा मधे काही महिने रिकामी होती. शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांचे वेगळे शिक्षक हवेत, ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा, मुलींना स्वतंत्र स्वच्छतागृह हवं. स्वच्छतागृह होतं. पाणी होतं का? नळ सोडून बघितला, होतं. तुम्हीही सोडून बघा. लाजू नका. मुलगी दिवसभर पाणी न पिता बसते ती याच कारणानं.

म्हणून तुम्ही शाळा बघायला जाल तेव्हा ज्या गोष्टी विचाराव्यात त्या सांगतो, आणि प्रत्येकीमागे आपण आज ऐकलेलं एकेक माणूस आहे.

आठवीनंतर मुली कुठे जातात? हा ताराबाईंच्या अनाम शेजारणीचा प्रश्न. शाळा कोणत्या इयत्तेला संपते ते आधीच बघा. आठवीला संपत असेल तर नववीची शाळा किती लांब, बस आहे का, तेही त्याच दिवशी विचारा.

गणित-विज्ञान कोण शिकवतं आणि मुलींच्या हाताला उपकरण लागतं का? हा हुजूरपागेचा वाद. शिष्यवृत्तीला, नवोदयला, आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेला किती मुली बसवतात ते विचारा. एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळतात. काही घरांत तेवढ्यानं मुलीचं लग्न चार वर्षं लांबतं.

मुलींना बोलू देतात का? हा मुक्ता साळव्यांचा. परिपाठ मुली घेतात की बाईच घेतात, वर्गात मुलगी शिक्षकांना प्रश्न विचारते का, हे अर्धा तास मागे बसलं तरी कळतं.

समोर कोणत्या बायका दिसतात? हा रमाबाईंचा. शिकवणाऱ्या, हिशोब बघणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत आया बोलतात की नुसत्या सह्या करतात? कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे पालकाची इच्छा हा शब्द आता रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यातून उचलून बैठकीच्या टेबलावर ठेवायची सोय आहे. आपण ती वापरत नाही.

मग आम्ही काय ठरवलं

आम्ही मुलीला त्या कन्याशाळेत घालतोय. मुलं नाहीत म्हणून नाही. त्या वहीसाठी. मामांना सांगितलं, एकत्र शाळेत अशी वही असती तर तिकडे घातली असती. त्यांनी मान हलवली, पटलं की नाही माहीत नाही. कपाटाच्या किल्लीसाठी आम्ही समितीच्या निवडणुकीला उभं राहणार आहोत.

या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. १५९८ साली तिथं जिजाऊ जन्मल्या आणि दर १२ जानेवारीला आपण तिथं लाखांनी जमतो. त्याच जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे नऊशेच्या वर असलेल्या मुली २०११ मध्ये साडेआठशेच्या आसपास आल्या. जन्मालाच येऊ न देणं हाही एक शेरा आहे, कारणाच्या रकान्यात तोच लिहिलेला असतो. शाळेची निवड हा त्यामानानं छोटा प्रश्न. पण दारात उभं राहून 'इथून माझी मुलगी पुढे कुठे जाईल' असं विचारणारे पालक वाढले, तर मोठ्या प्रश्नालाही थोडा धक्का बसेल असं आम्हाला वाटतं.

श्रोत्यांतल्या एका ताईंची चिठ्ठी आली आहे: "कबड्डीचं काय झालं?" (हशा) खेळू देतात. मैदान रस्त्याला लागून आहे, येणारेजाणारे बघतात. बाईंना विचारलं, पालक तक्रार करत नाहीत? म्हणाल्या, "करतात. मी म्हणते, बघू द्या, त्यांनाही सवय झाली पाहिजे." भिंतीआडून सुरू झालेली कन्याशाळा रस्त्यालगतच्या मैदानावर आली, एवढा तरी इतिहास पुढे सरकला.